बारा इंची

रात्री अकराला टर्फवरचे दिवे विझतात.
पोरं बूट हातात घेऊन, एकमेकांना शिव्या देत
घराकडं जातात, आणि पूर्वेचं आभाळ
पिवळ्याचं राखाडी होतं.
तेवढंच. काळं ते होत नाही.
राजारामपुरीत काळं आभाळ
शेवटचं कुणी पाहिलं, विचारायला हवं.

मग मी परड्यात दुर्बीण ढकलत आणतो,
जुन्या लुनाच्या चाकांवर.
प्लायवूडची पेटी, माझ्या गळ्याइतकी उंच,
उद्यमनगरात टर्निंग करून घेतलेल्या दोन चकत्या,
खाली फिरायला
एक ओरखडलेली लावणीची रेकॉर्ड.
आरसा बारा इंची. तो मात्र माझा.
चौदा महिने घासला,
पिंपाभोवती चालत, काचेवर काच,
मध्ये कार्बोरंडमची पूड,
चरकाच्या बैलासारखा गोल गोल.
रस निघाला नाही. एक खळगा पडला,
गव्हाच्या दाण्याएवढा खोल.

दिवसा मी शिरोलीला ओतकाम करतो.
भट्टी उघडली की पत्र्यापर्यंत नारिंगी होतं,
आणि दुसऱ्या पाळीला ते नारिंगी बाहेर पडून
ढगाला लागतं, हे मी स्वतः पाहिलंय.
त्यामुळं महापालिकेच्या दिव्याला नावं ठेवताना
जीभ जरा अडखळते.
भट्टी पाहून आलेल्या डोळ्याला
अंधार शिकवायला अर्धा तास लागतो.
तोवर घोंगडं डोक्यावरनं ओढून बसतो.
"वाफारा घेताय व्हय काका?" शेजारचा दिग्या विचारतो.
व्हय बाबा, वाफाराच.

एकदा लाईट गेली. अख्ख्या गल्लीची.
धावत आलो, आरशावरची परात काढली,
देवयानी डोक्यावर,
आणि टक्, टक्, टक्,
एकेका घरात इन्व्हर्टर जागा झाला.
मग मंगल कार्यालयाचा जनरेटर खोकला.
त्याआधीच्या चार श्वासांत जे दिसलं
ते अजून कुणाला नीट सांगता आलेलं नाही.

पंचवीस लाख वर्षं चालत आलेला उजेड.
वाटेत कुणी अडवला नाही.
शेवटच्या वीस फुटांत
हौसाक्काच्या बल्बनं गाठला.
तिचा तांब्याचा बंब चोरीला गेल्यापासून
तो रात्रभर न्हाणीवर जळतो.

कार्तिकात एकदा तीच आली, मागल्या दारानं.
"रोज रातीचं कुणाला बघतूस रं?"
घोंगड्यात घेतलं तिला. काही दिसेना.
म्हटलं, सरळ बघू नको आक्का,
जरा बाजूला बघ, मग ते येतं.
गप्प राहिली. मग घोंगड्यातनं आवाज:
"आलं... राखेचं बोट पुसल्यागत."
आणि जरा वेळानं,
"माझा धाकटा शारजावरनं बोलतो तवा
त्याचं हसू असंच मागनं येतं."

बल्ब तिनं काढला नाही.
बंब काय विसरायचा असतो?
पण रविवारी तेलाचा डबा कापून
मी त्याला टोपडं केलं.
आता उजेड धुण्याच्या दगडावर पडतो,
साबणाच्या वडीवर, आणि तिथंच राहतो.
आभाळ त्यानं काळं झालं नाही.
कृत्तिका आधी पाच मोजायचो,
काल सहा की साडेसहा,
आमचं दोघांचं जमेना.

उसाच्या ट्रॅक्टरवर गाणं लावून
बायपासनं कुणीतरी चाललंय.
दव पडायला लागलं. परात झाकतो.
सहाची पाळी आहे.