धरलेली जागा

आधी एक जागा धरायची,
न्हो आनाक्लेतो म्हणायचा,
जिथे आपण नाही हे पक्कं ठाऊक आहे अशी.
पूर्ण अंशांची, कोष्टकात बसणारी.
तिथून तारा किती उंच दिसला असता ते काढायचं,
मग खरोखर किती दिसला ते,
आणि वजाबाकी.
उरेल तेवढे मैल ताऱ्याकडे सरकायचं,
नाहीतर त्याच्यापासून मागे.

प्रॉव्हिडन्स सोडून एकतीस दिवस झाले होते.
'मादालेना'च्या पोटात पिठाची पिंपं, घासलेट, उतरलेले कोट,
आणि न्हा दोमितिलाचं शिवणयंत्र,
डोलकाठीच्या बुंध्याला दोरखंडानं आवळलेलं.
रोज ती विचारायची, ब्रावा किती राहिलं?
रोज तो कालच्याहून कमी आकडा सांगायचा,
वारा पडलेला असला तरी.

आमची कामं वाटलेली.
तारा तो उतरवायचा.
'आता!' म्हणाला की मी शिडीवरून खाली,
पेटीतल्या घड्याळापाशी.
माझे पाय पाच सेकंदांचे, तेवढे वजा.
चार सेकंद चुकले की मैल चुकला.

त्या पहाटे त्यानं सेक्स्टंट माझ्या हातात दिला.
का, ते सांगितलं नाही.
बाहीनं डोळे पुसले,
पुसून जाण्यातलं काही असल्यासारखे,
आणि शिडीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला.

क्षितिज उगवतं आणि तारे मावळतात
त्यांच्या मधली वेळ
कपभर कॉफी निवायला लागते तेवढीच.
पूर्वेला स्वाती. वायव्येला ब्रह्महृदय.
व्याधाला शेवटी घेतलं.
आरशातून खाली, खाली,
मनगटानं पाळण्यासारखा झुलवत
त्याचा तळ पाण्याच्या रेघेला टेकला
आणि मी ओरडलो.
खाली शिडीची एकेक पायरी करकरली.

डोळ्याची उंची: नऊ फूट.
हवेनं वाकवलेला उजेड: कोष्टकातून.
(दिसतो तिथे तारा नसतोच, हे मला त्या वर्षीच कळलं,
आणि कुणाला सांगावं ते कळलं नाही.)
पायांचे सेकंद: पाच.
लिहिले. वजा केले.

तीन रेघा. मध्ये त्रिकोण
मक्याच्या दाण्याएवढा.
इतका लहान त्याचाही कधी आला नव्हता.
कागद त्याच्या नाकापाशी धरला.
त्यानं अंगठ्यानं चाचपला,
अख्खा त्रिकोण नखाखाली झाकला गेला.
'सुबक आहे,' म्हणाला, 'म्हणूनच भाळू नकोस.
रोम्बोच्या खडकांना जे टोक जवळ
त्या टोकावर आहोत असं समज. दक्षिणेला वळव.'

हवेत वाळवंटाची धूळ. फोगोचं शिखर नाही, काही नाही.
मग फेस.
माझ्या हिशेबाच्या पंधरा मिनिटं आधी,
डाव्या हाताला, खडकांचा पांढरा फेस,
दोमितिलानं पहिल्यांदा पाहिला.

रात्री अंथरुणावर मोजलं.
पायऱ्यांवरचा त्याचा आवाज आठवून, बोटांवर.
अकरा.
त्याचे पाय अकरा सेकंदांचे होते
आणि मी त्यांतून माझेच पाच काढले होते.
दीड मैल.
त्रिकोण तसाच सुबक, आणि आम्ही त्याच्या बाहेर.

त्याला सांगितलं नाही.
त्यानं विचारलंही नाही,
फक्त फुर्नाच्या धक्क्याला लागल्यावर खोडरबर पुढे केला.
कागद महाग होता, पुढच्या खेपेला तोच.

रेघा गेल्या. त्रिकोण गेला.
दिव्यासमोर धरला तेव्हा
कर्कटकाच्या टोकाची तीन छिद्रं दिसली,
धरलेल्या जागांची,
जिथे आम्ही एकदाही नव्हतो.