सातशे मिली

डॉक्टर म्हणाले, दिवसाला सातशे मिली.
चहा त्यातच, आमटी त्यातच,
गोळीबरोबरचा घोटही त्यातच.
मी विचारलं, आणि प्रभुभोजनाचा पेला?
ते हसले नाहीत. खरंच हिशेब केला.
म्हणाले, पाच धरा.

मिली मला नवे नाहीत.
बत्तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत
परीक्षानळ्या विसळल्या मी.
मार्चमध्ये शाळेनं निरोपाचा नारळ दिला,
एप्रिलमध्ये शांतवनच्या मूत्रपिंडांनी.

तेव्हापासून ओट्यावर सरबताची जुनी बाटली.
तिच्यावर लाल नेलपॉलिशची रेघ.
सकाळी रेघेपर्यंत पाणी.
त्यांनी अर्धा कप चहा घेतला
की अर्धा कप बाटलीतून कमी करायचा,
गवती चहाच्या कुंडीत ओतायचा.
त्यांच्या तहानेवर ती कुंडी माजलीय.
वरच्या मजल्यावरची जुबेदा पाती न्यायला येते,
विचारते, खत कुठलं घालता?

मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस.
घोरपडीचं फाटक नेमकं आमच्या तोंडावर पडतं.
मी रिक्षाचं मीटर बघते,
ते मालगाडीचे डबे मोजतात.
"अठ्ठावन्न!" म्हणाले एकदा,
जणू कुणी त्यांच्याच नावानं पाठवले होते.

आणि गुरुवारी महापालिकेचं पाणी बंद.
जिन्यात बादल्या, भांडणं, टँकरवाल्याला फोन.
हे खिडकीशी बसून खुदखुदतात,
"आज सगळं पुणं माझ्या पथ्यावर!"

मला हसू येत नसे.
खरं सांगायचं तर प्रार्थनाही येत नसे.
देवळात त्या स्तोत्राच्या वेळी,
जिथं पात्र भरून वाहू लागतं,
मी पुस्तकात बोट घालून गप्प उभी.
वाहू जाणं आम्हाला मना आहे, प्रभू.
पाय सुजतात. रात्री धाप लागते.

मेच्या एका दुपारी, पत्रा तापलेला,
त्यांनी बर्फाचा एक खडा मागितला.
वीस मिली. मी बशीत घालून दिला.
तर हा माणूस चपला काढून बसला,
डोळे मिटले, हात जोडले:
"बापा, या बर्फाबद्दल उपकार मानतो.
फ्रिजचा हप्ता फिटला त्याबद्दलही.
सुईची जागा चटकन सापडणाऱ्या त्या सिस्टरबद्दल,
आणि हिच्याबद्दल,
जी या घडीला तुझ्यावर रागावलेली आहे,
पण बर्फ मोजून देते."
आमेनपर्यंत खडा निम्मा झाला होता.
उरलेलं पाणी त्यांनी बशी तिरपी करून प्यायलं,
आणि बराच वेळ
जिभेवर काहीतरी घोळवत राहिले.

मी मोरीत जाऊन नळ सोडला.
नुसताच. हातावर पडू दिला.
साठ वर्षं हे पाणी माझ्यावर पडत होतं
आणि मी कधी आभार मानले होते?
मग बिलाची आठवण आली, बंद केला.

बरे होतील असं कुणी म्हणालेलं नाही.
रेव्हरंड उजगरेही म्हणत नाहीत,
फक्त पेल्यांचं तबक आमच्यापाशी
जरा जास्त वेळ धरतात.
हे अंगठ्याएवढा पेला उचलतात,
माझ्या कानाशी लागतात, "पाच."
मागच्या बाकावरच्या एस्तेरमावशींना वाटतं
काय भक्तिमान जोडपं.

मुलांना मी शिकवायचे:
पातळी वरून बघायची नाही.
डोळा पाण्याच्या रेषेत आणा,
बाकाची खालची कड धरा.
आमचा ओटा ठेंगणा.
बाटली नीट वाचायची तर मला
गुडघेच टेकावे लागतात.

रोज टेकत होते, महिनोन् महिने.
आज सकाळी ते ध्यानात आलं,
फरशी गुडघ्यांना गार लागली तेव्हा.
कॅन्टोन्मेंटच्या बाजूनं ऊन आलं,
बाटलीतून आरपार गेलं
आणि माझ्या गाऊनवर थरथरत राहिलं.

मागून ते म्हणाले, "काय करतेस एवढा वेळ?"
"मोजतेय."
"मग? किती?"
"भरलंय," म्हटलं मी,
"रेघेच्या अगदी काठोकाठ."