होटगी रोड ते उजळाईवाडी

काउंटरवरच्या पोरीनं तिसऱ्यांदा सांगितलं,
आजोबा, इथून कोल्हापूरला विमान नाही.
मुंबईला जा, तिथं थांबा, तिथून दुसरं धरा.
मी म्हटलं, बाई, मला जायचं नाही.
नुसतं विचारतोय. असतं तर किती वेळ?

तिच्या मागं खुर्चीत एक पोरगा होता,
कामाला नवाच असावा, गळ्यातलं कार्ड अजून कोरं.
मोबाईलवर दोन बोटं फाकवून म्हणाला,
सरळ रेषेत दोनशे चार किलोमीटर.
चढायला दहा मिनिटं, उतरायला दहा,
मधली पंधरा.
पस्तीस धरा.

धरली.

चाळीस वर्षं कारखान्यात जॉबर होतो,
मिनिटं मला घड्याळात कळत नाहीत.
माझ्या मागावरचा धोटा मिनिटाला एकशेवीस वेळा
ह्या पेटीतून त्या पेटीत जायचा.
म्हणजे पस्तिसात बेचाळीसशे.
इंचाला चाळीस आडवे धागे,
तर एकशेपाच इंच.
एक चादर, दशा धरून,
वर हात पुसायला होईल एवढा तुकडा.
तेही धागा तुटला नाही तर,
लाईट गेली नाही तर.

श्रीलता एका चादरीवर राहते.

फौंड्रीच्या ऑफिसात हिशेब लिहिते,
घर विमानतळाच्या कुंपणामागं तिसऱ्या गल्लीत,
पोरगं विमान आलं की झोपेतून उठतं,
हे सगळं तिच्या आईकडून, भाकरी वाढताना,
माझ्याकडं न बघता.

तिनं आपल्या मनानं लग्न केलं
त्या दिवशी मी पहिली पाळी चुकवली नाही.
दोघं खात्याच्या दारात येऊन उभी राहिली,
चोवीस माग चालू, कुणाला कुणाचं ऐकू येत नाही.
मी एकच शब्द बोललो.
आम्हा मागवाल्यांना ओठ वाचता येतात.
तिलाही येत होते,
डबा घेऊन यायची ना लहानपणी.

आता रात्री तिची आई फोन भिंतीला टेकवते,
पडद्यावर पोरगं, पोरग्यामागं ती.
मी समोरच्या बाकड्यावर, पेपर धरून.
आवाज मुद्दाम बारीक ठेवतात दोघी.
त्याचा काही उपयोग नाही.
काल ती म्हणाली, नाना अजून चहात साखर घेतात काय?
मी पेपर उलटा धरला होता,
हे तिनंही वाचलं असेल.

रस्त्यानं सांगोला, मिरज, पुढं अंकली.
पाच तास. लाल डब्यानं सहा, जास्तच.
एवढं तर मला कधीपासून पाठ आहे.
ते कुणी विचारायला जात नाही.

बाहेर आलो तर गोव्याचं विमान नुकतंच उतरलेलं,
लोक बॅगा ओढत निघालेले,
मी त्यांच्यातच मिसळलो.
रिक्षावाला पुढं झाला, कुठनं आलात मामा?
तोंडातून गेलं, कोल्हापूरहून.
सामान नाही काय?
नाही.
किती वेळ लागतंय ओ विमानानं?
पस्तीस मिनिटं.
आयला, मग लई जवळ हाय की.
मीटर न टाकता त्यानं रिक्षा वळवली.
अशोक चौकापर्यंत मी दोनदा खिसा चाचपला,
चष्मा होता, फोन होता,
फोनमध्ये तिचा नंबर आहे का
ते बघायला चष्मा लावला नाही.