कुणाचं काम

वायरिंग कोळेकरला. विजेशी माझं जमत नाही.
तीस वर्षं मिरजेच्या दवाखान्यात रक्त पुसलं,
पण फ्यूज बदलताना हात कापतो.

नळ दस्तगीरचे.
पाना आणायला स्टेशन रोडला जातो, उगवतो परवा,
तरी त्याचेच. गळती त्याला कानानं कळते.

भिंतीच्या भेगा मात्र मी.
व्हाइट सिमेंट, बोथट सुरी, ओला बोळा;
हजारो टाके काढलेल्या हाताला
एवढं शिकवावं लागत नाही.

मोरीतली शेवटची फरशीही
हट्टानं मीच बसवली.
दस्तगीर म्हणाला, "सिस्टर, लेव्हल बघा."
बघितली नाही.

आता रोज पहाटे तिच्याच कडेला ठेच लागते
आणि शिवी द्यायला
मजूर सापडत नाही.