हात धुण्याची मिनिटं

वॉल्विस बे बंदरावरचं धुकं सकाळी दहापर्यंत उठत नाही.
त्याआधीच आमचा अर्धा दिवस कापून झालेला असतो:
हेक माशाचं पोट, पाठ, काटा,
मिनिटाला सात. तसं फळ्यावरच लिहिलंय.

भांडण पगाराचं नव्हतं.
पगाराचं मार्चमध्ये झालं, त्यात आम्ही हरलो.
हे होतं नऊ मिनिटांचं:
पाळी संपताना हात कुणाच्या वेळेत धुवायचे?
कार्ड पंच करण्याआधी, की नंतर?
म्हणजे हातांचा वास
कंपनीचा, की ज्याचा त्याचा?

मी युनियनची चिटणीस. माझं काम लिहून घेण्याचं.
टेबलाच्या त्या बाजूला रोसाव साहेब, त्यांच्या वकीलबाई
आणि पाण्याच्या चार बाटल्या.
या बाजूला ताइमी शिकोंगो, मी,
आणि बर्फखात्यातला फेस्टस, जो बोलत नाही,
पण बसला की खुर्ची भरते.

साहेब म्हणाले, चार मिनिटं.
वकीलबाई म्हणाल्या, साबणाच्या पत्रकात
वीस सेकंद दिलेत.
ताइमी म्हणाली, ते जंतूंसाठी.
आम्ही जंतूंचं बोलत नाही.

मग ती बोलली कुइसेबमुंडच्या टॅक्सीबद्दल,
एवढ्या गारठ्यात ड्रायव्हर काच खाली करतो, अवाक्षर न काढता.
बँकेतल्या रांगेबद्दल, जिथे आमच्यापुढे आणि मागे
एकेका माणसाची जागा मोकळी राहते.
मुलाबद्दल बोलणार होती, थांबली.
तिथे मी एक रेघ ओढली. वहीत ती अजून आहे.

पुढच्या बैठकीला तिनं घमेलं आणलं, साबण, अर्धं लिंबू,
नखांखाली घालायची काडी,
आणि पाळीवरून थेट आलेले हात.
धुवायला लागली. सगळ्यांसमोर.
मध्यस्थ घड्याळ बघत होता,
साहेब आधी फोन, मग खिडकी, मग घड्याळ.
कुणाला वाटेल मुद्दाम रेंगाळली.
सहा वर्षं तिच्याशेजारी उभी राहते मी. नाही रेंगाळली.
अकरा मिनिटं, दहा सेकंद.
मग तळवे पुढे करून वकीलबाईंना म्हणाली, बघा.
वकीलबाईंनी श्वास घेतला नाही.
न घेतलेला श्वास कसा लिहायचा, मला सुचलं नाही.

साहेब तसे वाईट नव्हते. त्यांचे वडील ट्रॉलरवर होते,
हे त्यांनी तीनदा सांगितलं.
तिसऱ्या वेळी ताइमीनं विचारलं,
ते घरी यायचे तेव्हा पाणी कोण तापवायचं?
आई, म्हणाले. आणि गप्प झाले.
मग म्हणाले, आकड्यांवर येऊ.

आकडे असे: चारशे दहा बाया, नऊ मिनिटं,
म्हणजे रोज साडेएकसष्ट तास.
साहेबांच्या कागदावर ते लाल शाईत, नुकसान म्हणून.
माझ्या वहीत निळ्या शाईत,
इतकी वर्षं फुकट गेलेले म्हणून.
बेरीज तेवढी जुळली.

दोन महिन्यांत फेस्टस एकदाच बोलला:
सेल्माला चार मिनिटं पुरतात.
साहेबांचा चेहरा उजळला. बघा, म्हणाले.
दोन्ही हात मिळून
तिला बोटं सहाच आहेत, फेस्टस म्हणाला,
आणि पुन्हा खुर्ची भरून बसला.

ठरलं सहावर.
चहाच्या सुट्टीतलं एक मिनिट कापलं, ते खाली, बारीक अक्षरात.
फाटकाबाहेर काहीजणी नाचल्या,
काहींनी ताइमीला शिव्या घातल्या, एक मिनिट विकलंस म्हणून.
सेल्मा म्हणाली, सहा बोटं, सहा मिनिटं,
माझा हिशेब चुकता.

सोमवारी भोंगा सहा मिनिटं आधी झाला.
सुऱ्या खाली ठेवून आम्ही सगळ्या नळांकडे गेलो.
नळ अठरा.
एकेका नळाला तेवीस जणी, कोपरं एकमेकींत अडकलेली,
साबण कुणाच्या तरी बुटाखाली.
नळांचं कुणी बोललंच नव्हतं,
ना त्यांनी, ना आम्ही.

ताइमी माझ्याकडे बघत होती.
ओल्या, वास येणाऱ्या हातांनीच
मी वहीचं पान उलटलं,
वर तारीख घातली.