अकराच्या आत

नियम साधा आहे:
तक्त्याच्या चौकटीत अकरापेक्षा कमी माणसं असतील
तर आकडा छापायचा नाही. तिथे एक चांदणी ठेवायची,
म्हणजे कुणी कुणाला ओळखणार नाही.
दर सप्टेंबरात नव्या मुलांना हे मीच शिकवते,
आणि नियम चांगला आहे, असंही सांगते.

पूर्व केंटकीतल्या स्टॅम्पर परगण्याच्या ओळीत
'पाऊल कापलं' या रकान्यात
एक चांदणी आहे.

त्याआधी सोळा वर्षं मी तिथेच फिजिशियन होते,
हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत.
खालून खिळे मोजल्याचा आवाज यायचा.
व्हर्लिन स्टिडम एकदा कोंबड्यांच्या खाद्याचं रिकामं पोतं घेऊन आला,
आत न उघडलेली पाकिटं.
"डॉक्टर, नजर गेलीय. यातलं कुठलं उघडू?"
मी तपासणी सोडून उघडत बसले.
एकात लिहिलं होतं: आपण अजून गरीब आहात
हे तीस दिवसांत सिद्ध करावं.
तारीख पाच महिन्यांपूर्वीची.
"दाखला कुणाचा आणू?" तो म्हणाला. "कुत्र्याचा चालेल?"

विमा तुटला होता हे त्याला दुकानदाराने सांगितलं होतं,
तेव्हापासून तो सकाळचं इन्सुलिन घ्यायचा
आणि रात्रीचं पुढच्या आठवड्यासाठी ठेवायचा,
खाणीत डब्यातली अर्धी भाकर ठेवावी तसं.
आधी अंगठा गेला. मग बाकीचं.

चव्वेचाळिसाव्या वर्षी मी संख्याशास्त्राच्या वर्गात बसले,
शेजारची मुलगी मला मॅडम म्हणायची आणि गणित समजावायची.
आता माझ्याकडे सहा लाख माणसं आहेत, नावं नसलेली.
प्रत्येकाचे महिने एका ओळीत:
विमा असेल तर एक, नसेल तर शून्य.
एक एक एक एक शून्य शून्य शून्य एक
बाकीच्यांना ते आकडे दिसतात.
माझी बोटं मनगट शोधतात,
कुठे ठोका चुकला, किती वेळ चुकला.

राजधानीत सुनावणी झाली.
अध्यक्षांनी चष्मा वर ढकलून विचारलं,
"अकराच्या आत म्हणजे किती? दोन की दहा?"
"सांगता येत नाही."
"म्हणजे तुम्हाला माहीत नाही."
मी पाणी प्यायले.
नऊ.
तिघांच्या जखमा मी स्वतः बांधल्या होत्या,
एकाच्या बायकोने मला अजून माफ केलेलं नाही.

एकोणीस वर्षांच्या कामाचं फळ विचाराल तर
पाकीट आता पिवळं आहे
आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: उघडा.
मुदत साठ दिवसांची झाली.
त्याने शून्यं कमी झाली का, ते मोजतेय.
झाली असावीत. अजून लिहून देणार नाही.

गुरुवारी दुपारी मी त्या दोन खोल्यांत असते.
व्हर्लिन काठीने दार ढकलतो,
लाकडी पाऊल आधी, मग तो.
आज टेबलावर अहवाल उघडा होता.
"यात मी आहे का?"
"सांगता येत नाही," मी म्हणाले,
पण बोट त्या ओळीवरून उचललं नाही.
तो कागदाला नाक लावून बराच वेळ बघत राहिला.
"माशी मेलीय इथं," म्हणाला,
आणि नखाने खरवडू लागला.

मी त्याची बाही वर सरकवली.
रक्तदाब घ्यायचा होता.