कीप, केप्ट, केप्ट

किलीबेग्जच्या बंदरावर, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर
मंगळवारी सातला वर्ग भरतो.
माशांच्या कारखान्यातून थेट आलेली माणसं
हात तीनतीनदा धुऊन बसतात,
तरी वहीच्या पानांना बांगड्याचा वास लागतोच.

नूला फळ्यावर लिहिते, कीप.
म्हणते, हे सोपं आहे.
असं म्हणून तिने आजवर जे जे शिकवलं
ते कुणालाच सोपं गेलेलं नाही.

नोदारला हा शब्द आधीच भेटलाय.
सरकत्या पट्ट्यापाशी, कीप गोइंग. म्हणजे थांबू नको.
बर्फघराच्या दारावर, कीप आउट. म्हणजे येऊ नको.
आणि पहिल्याच आठवड्यात चर्चच्या चढावर
एका म्हातारीने विचारलं होतं,
हाऊ आर यू कीपिंग?
तो म्हणाला, खोली नंबर चार, जिन्याखाली,
खिडकी आहे पण उघडत नाही.
देवाची कृपा, म्हणाली ती,
आणि चढ चढत राहिली.

माझ्या भाषेत याला एक शब्द नाही.
पैसे ठेवायचे, गुपित राखायचं,
दिलेला शब्द पाळायचा, कोंबड्याही पाळायच्याच,
आणि बांगडा, काही केलं तरी, टिकत नाही.
मी नोदारशेजारी बसून त्याची वाक्यं तपासतो,
दर वाक्याला खिशातली निराळी किल्ली लावून बघतो.

वाक्य करा, नूला म्हणते.
झिनाइदा लिहिते : माझा मुलगा फोन बंद ठेवतो.
पुढे लिहीत नाही.
नूला बरोबरची खूण करते,
ती खूण करायला तिला फार वेळ लागतो.

नोदार लिहितो : मी मधमाश्या पाळतो.
कुठे रे?
राचाच्या डोंगरात. चौदा पेट्या.
अजून आहेत?
नाही.
मग केप्ट म्हण.
केप्ट, तो म्हणतो.
एका टकाराने चौदा पेट्या रिकाम्या होतात.

मग तो खोकल्याच्या गोळ्यांचा डबा काढून
टेबलावर ठेवतो. जड वाजतो डबा.
जाळी विणणारा काँडी, पाय गेलेला,
दर शनिवारी याला तंबाखू आणायला पाठवायचा,
आणि उरलेली नाणी पुढे केली की
हात झटकून म्हणायचा, कीप द चेंज.
नोदारने ठेवली. एक युरो दहा, एक युरो दहा,
एकदा तीस सेंट, दीड वर्षं.
त्याला वाटलं, म्हातारा ठेव ठेवतोय आपल्यापाशी.

अरे, ते तुझेच होते, नूला म्हणते,
आणि वर्ग हसतो, नोदारसुद्धा.
मग हसू ओसरतं, कारण काँडीला
फेब्रुवारीत पुरलं, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

पण मी ओके म्हणालो होतो, नोदार म्हणतो.
ओके, आय कीप.
आता कुणाला परत करू?
हे व्याकरणात बसत नाही, म्हणून
नूला खिडकीबाहेरच्या ट्रॉलरचे दिवे बघते.

काँडी रात्री चूल विझवत नसे, तो सांगतो.
पीटचे निखारे एका जागी ओढायचा,
वरून राख लोटायचा, अलगद,
पोराला पांघरूण घालावं तशी.
सकाळी फुंकर मारली की लाल.
याला काय म्हणता, मी विचारलं होतं.
तो म्हणाला, हेच. कीपिंग द फायर इन.

मी माझ्या वहीत, समासात, लिहितो : राख.
जळून उरलेली ती, आणि
सांभाळ असं सांगणारी आज्ञाही तीच.
हे नोदारला समजावून सांगायला
माझी इंग्रजी पुरत नाही.

तास संपताना तो दोन वाक्यं देतो.
काँडी केप्ट द फायर.
आय कीप द चेंज.
दुसऱ्या वाक्यातल्या काळावर
नूलाचं लाल पेन थांबतं,
टोपण लागल्याचा आवाज येतो.

पुढच्या मंगळवारी गेट, ती दिवे मालवत म्हणते.
सोपं आहे.